दोन डोंगरांना बांधलेलं घर

इंदूला पहिली कळ आली त्या सकाळी द्वारकाबाईच्या घराचं माजघर आदल्या दिवसापेक्षा शंभर पावलांनी लांब झालेलं होतं. पश्चिमेच्या टोकाला चूल होती आणि पूर्वेच्या टोकाला इंदूची बाळंतिणीची खोली. मधे पूर्वी एक लाकडी पेटी, एक कणगी आणि एक झोपलेलं मांजर एवढंच असायचं. आताही तेवढंच होतं, फक्त पेटीजवळ उभं राहिलं की कणगी दिसत नव्हती.

भिंतीला कुठे तडा गेला नव्हता, की छपराचं एक कौल सरकलं नव्हतं. कणीक ओढावी तसं सगळं घर दोन्ही बाजूंनी ओढलं गेलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरातला महिना इतका रुंद झाला होता की एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत चालत जावं लागे. मांजराने शेपटी हलवायची ठरवली की ती बऱ्याच वेळाने हलायची. या सगळ्याचं द्वारकाबाईला आता नवल राहिलं नव्हतं. तिला काळजी एकाच गोष्टीची होती. लेक पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली, आणि घरात गरम पाण्याचा थेंब नव्हता.

द्वारकाबाई गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातांवरून जगात आलेलं. गरम पाण्यावाचून बाळंतपण करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिच्या सासूवर एकदा आली होती, आणि त्या बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी ताप भरून ती कशी गेली हे द्वारकाबाई विसरलेली नव्हती.

"आये, लांब जाऊ नगंस," इंदू म्हणाली.

"चुलीपत्तरच जाते."

"चूल लांब हाय."

 द्वारकाबाईने लेकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि ती चालायला लागली.

घर लांबत होतं ते दोऱ्यामुळे, आणि दोरा दिला गेला होता तो भिडेखातर. हे जरा नीट सांगायला हवं. सांदवाडी दोन डोंगरांच्या मधल्या फटीत वसलेली. पूर्वेला रवळोबा, पश्चिमेला काळोबा. दर चैत्रात गावाला शीवदोरा बांधायची रीत. गुरवाच्या घरच्या बाईने सूत कातायचं, त्याचा सातपदरी दोरा वळायचा, तो गावाच्या शिवेवरून फिरवून आणायचा आणि दोन्ही टोकांची गाठ गुरवाच्या माजघरात मारायची. झालं, गाव वर्षभरासाठी झाकलं गेलं. द्वारकाबाईचा नवरा श्रीपती हा गावचा गुरव, त्यामुळे सूत द्वारकाबाईचं आणि गाठ श्रीपतीची.

यंदाच्या चैत्रात, दोरा वळून तयार होता तेव्हा, दोन्ही डोंगर उभे राहिले. त्याआधी ते बसलेले होते हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आधी रवळोबा उठला. मातीतून त्याचा गुडघा वर आला, मग मांडी आली, मग खांदे. खांद्यांवरचे धबधबे जमिनीपर्यंत पोचेनासे झाले आणि हवेतच लोंबत राहिले. माथ्यावरच्या देवराईतली पाखरं जागच्या जागी बसून होती, तरी ढगांच्या पलीकडे गेली. मग काळोबा उठला. सगळं गाव अंगणात उभं राहून बघत राहिलं. घरोघरी तव्यावरच्या भाकऱ्या करपल्या आणि एकाही बाईला त्याचं काही वाटलं नाही. द्वारकाबाईने हात जोडले. तिला भीती वाटत नव्हती. इतकं मोठं काही असू शकतं आणि ते आपल्या दारातून दिसतं, याचाच तिला आनंद झाला होता. लहानपणी पहिल्यांदा हत्ती पाहिला तेव्हा झाला होता, तसाच.

तिसऱ्या दिवशी रवळोबाकडून एक माणूस आला. त्याच्याकडे लाल छत्री होती, आणि बोलताना त्याच्या तोंडातून बारीक खडी गळायची. श्रीपतीने घोंगडी अंथरली, चहा दिला.

"रवळोबांना तुमची काळजी वाटते," लाल छत्रीवाला म्हणाला.

"कशाची?"

"काळोबांची."

"काळोबानं आमचं कदी काय वाकडं क्येलं न्हाई."

"म्हणूनच काळजी वाटते."

त्याचं मागणं फार मोठं नव्हतं. शीवदोऱ्याचं एक टोक रवळोबाच्या घोट्याला बांधायचं, म्हणजे हे गाव कुणाचं आहे ते लांबूनही दिसेल. आता सांदवाडीची एक खोड होती. घरात बसून चहा प्यालेल्या माणसाला तिथे कुणी नाही म्हणत नसे. नको असलेली सोयरीक मोडायची तर ती अंगणातच, उभ्या उभ्या, आधण ठेवायच्या आत मोडावी लागे. श्रीपतीने चहा आधी दिला होता आणि मागणं नंतर ऐकलं होतं. एक टोक गेलं.

दुसऱ्या दिवशी काळोबाकडून काळी छत्रीवाला आला. तोही चहा प्याला. पुढचं सगळं त्याने तेच सांगितलं, फक्त डोंगरांची नावं उलटी घेतली. श्रीपतीने डोकं खाजवलं आणि दुसरं टोक दिलं.

"दोऱ्याला टोकं दोन असत्यात," त्याने गावाला समजावलं. "एक नुसतं लोंबत ठिवून काय करायचं? आता दोगंबी आपलेच."

गावाला ते पटलं. द्वारकाबाईलाही पटलं, उगाच खोटं कशाला बोला. आपण कातलेलं सूत दोन डोंगरांच्या पायांत आहे म्हणून ती महिनाभर ताठ मानेने गावात वावरली. फक्त शीवदोरा गुरवाच्या घरातून पुरता बाहेर जाऊ द्यायचा नसतो, म्हणून त्याचा मधला भाग माजघरातच राहिला. चुलीमागच्या झरोक्यातून तो आत यायचा, डोक्याच्या उंचीवरून सगळं माजघर ओलांडायचा आणि इंदूच्या खोलीतल्या झरोक्यातून पूर्वेला निघून जायचा.

सुरुवातीचे दिवस मोठे सुखाचे गेले. काळोबाने गावाच्या पश्चिम अंगाला झरा सोडला, इतका गोड की लोक जेवण विसरून पाणी पीत बसायचे. रवळोबाने पूर्व अंगाला वाळकी लाकडं ओतली, हव्या त्या लांबीची, आधीच फोडलेली. गावची जुनी विहीर आटली तेव्हा कुणी हळहळलं नाही, आणि जुनं रान काळोबाच्या पाठीवरून उंच निघून गेलं तेव्हा कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

मग दोन्ही छत्रीवाले एकाच सकाळी आले आणि प्रत्येक चुलीच्या दोन बाजूंना बसले. गावात चुली बऱ्याच होत्या आणि छत्रीवाले दोनच, तरी ते प्रत्येक चुलीशी होते.

"आमचं लाकूड त्यांच्या पाण्याखाली जळणार नाही," लाल छत्रीवाला म्हणाला.

"आमचं पाणी त्यांच्या लाकडावर तापणार नाही," काळी छत्रीवाला म्हणाला. या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

तेव्हापासून सांदवाडीत कुणी चहा प्यालेलं नव्हतं. लोक काळोबाच्या पाण्यात पोहे भिजवायचे आणि रवळोबाच्या लाकडांवर कणसं भाजायचे. आणि त्याच दिवसापासून डोंगर मागे सरकायला लागले. एकमेकांकडे तोंड करून, नजर न हलवता, एक पाऊल रवळोबा मागे, एक पाऊल काळोबा मागे. पाऊल उचललं की खाली एवढा खड्डा उरायचा की त्यात वेगळं आभाळ मावायचं. दोरा ताणला जायचा, पण तुटायचा नाही. द्वारकाबाईचं सूत होतं ते. दोरा तुटत नाही म्हटल्यावर गाव लांबायला लागलं, आणि सगळ्यात जास्त लांबलं ते ज्या घरातून दोरा जात होता ते घर.

"लांब चालल्यात, बरंच झालं," श्रीपती म्हणायचा. "भांडान मिटलं असंल."

द्वारकाबाईने माहेरच्या जत्रेत एडक्यांच्या टकरी पाहिल्या होत्या. एडका मागे सरतो तो कशासाठी सरतो, हे तिला माहीत होतं. तिने नवऱ्याला तसं सांगितलं.

"डोंगर हायत ते," श्रीपती दुखावल्यासारखा म्हणाला. "एडकं न्हवंत."

तर त्या सकाळी निघालेली द्वारकाबाई चुलीशी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. श्रीपती चुलीपुढे बसला होता, त्याच्या उजव्या हाताला लाल छत्री, डाव्या हाताला काळी. द्वारकाबाईने हंडा भरून चुलीवर ठेवला आणि लाकूड पेटवलं. लाल छत्रीवाल्याने लाकडाकडे नुसतं पाहिलं. लाकूड विझलं, आणि कधी पेटलंच नव्हतं इतकं गार झालं.

"लेक अडल्या माजी," द्वारकाबाई म्हणाली.

"रवळोबांना त्याचं वाईट वाटतं," लाल छत्रीवाला म्हणाला.

"काळोबांना अधिक वाईट वाटतं," काळी छत्रीवाला म्हणाला.

द्वारकाबाईने चुलीला लाथ मारली. इतक्या वर्षांत तिने चुलीला पाय लावला नव्हता. मग तिने लगेच चुलीला नमस्कार केला आणि पदराने तोंड पुसलं. पदर घामाने ओलाचिंब होता. तो तिने हिसडून मागे टाकला, तो नेमका दोऱ्यावर पडला, आणि खाली ओढेपर्यंत कोरडा ठणठणीत झाला.

तिने दोऱ्याला बोट लावलं. बोट भाजलं.

दोरा गात होता. इतक्या दिवसांत कानांना त्या आवाजाची सवय झाली होती म्हणून कुणाला तो ऐकू येत नव्हता. दोन डोंगरांचं सगळं ओढणं त्या सुतात उतरलं होतं आणि सूत तव्यासारखं तापलं होतं. द्वारकाबाईने शिंक्याचा लोखंडी आकडा काढला, त्यात हंड्याचं कडं अडकवलं आणि हंडा दोऱ्याला टांगला. हंडा झुलला, स्थिरावला, आणि पाण्याला बुडबुडे आले. ते बघताना तिच्या अंगावर काटा आला. दोन डोंगर आपापसांत झुंजायला निघाले होते आणि तिच्या हंड्याला उकळी फुटत होती.

दोन्ही छत्रीवाले उठून हंड्याखाली वाकले.

"यात लाकूड नाही," लाल म्हणाला.

"नाही," काळा म्हणाला.

"मग वर काय कळवायचं?"

"काही घडलं नाही असं."

द्वारकाबाई तोवर निघाली होती. आकडा दोऱ्यावरून सरकत होता आणि हंडा तिच्या पुढे पुढे, उकळतच, चालला होता. मागून श्रीपतीने हाक मारली असावी, कारण त्याचं तोंड उघडलेलं तिने वळून पाहिलं. आवाज तिच्यापर्यंत आला नाही. मधल्या अंतराने तो वाटेतच धरून ठेवला.

पेटी आली, मागे पडली. कॅलेंडराच्या सात तारखेपाशी तिला तहान लागली आणि एकवीस तारखेपाशी ती विसरली. भिंतीतल्या खिडक्या आता एकेका शेताएवढ्या रुंद होत्या, आणि त्यांच्यातून दोन्ही टोकांना डोंगर दिसत होते. इतके दूर जाऊनही ते लहान झालेले नव्हते. मधलं आभाळ दोघांच्या खांद्यांवर मांडव घातल्यासारखं अडकलं होतं आणि त्यावरून दुपारचा सूर्य जपून चालत होता. द्वारकाबाईला लेकीची घाई होती, तरी ती एका खिडकीशी थबकली. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. एवढ्या मोठ्या वस्तूंवर रागवायचं तर रागही तेवढा मोठा लागतो, आणि तिच्याजवळ एका माणसापुरताच होता.

कणगीपाशी तिला इंदूचा आवाज भेटला. "आये, ये गं," एवढंच, आणि मग एक लांब कळ. तो सकाळचा आवाज होता की आत्ताचा, हे सांगायला कुणी नव्हतं. त्यानंतर लेक ओरडली असेल किंवा गप्प झाली असेल. द्वारकाबाई धावायला लागली. धावताना ती मोठमोठ्याने बोलत होती, "आले गं, आले गं माजे बाई, श्वास घे, खालचा श्वास घे," आणि तिला माहीत होतं की हे शब्दही तिच्यानंतरच पोचणार आहेत.

मग दोऱ्याचं गाणं थांबलं.

इतकी शांतता झाली की हंड्यातलं पाणी उकळताना कोंबडीसारखं कुरकुरतं, हेही तिला ऐकू आलं. दोन्ही डोंगर उभे होते. मागे सरकायचे थांबले होते. तिने पुढचं पाऊल टाकलं आणि एका पावलात दहा पावलांची वाट मागे पडली. दुसऱ्या पावलात पन्नास पावलांची पडली. समोरचं दार, जे अजून दिसायलाही नको होतं, ते दिसलं, वाढलं, तिच्याकडे यायला लागलं. द्वारकाबाईचा जीव भांड्यात पडला. "आलं, आलं," ती हसत म्हणाली, आणि हसता हसताच तिला कळलं की घर आखडतंय, आणि घर कशामुळे आखडतं.

त्याच वेळी मागून श्रीपतीच्या सगळ्या हाका एकदम येऊन पोचल्या. "द्वारके, जपून जा." "द्वारके, डोंगर थांबलं." "द्वारके, डोंगर वाकलं." "द्वारके, ते पळत येत्यात गं!" शेवटची हाक संपायच्या आत श्रीपती स्वतःच तिच्या पाठीशी उभा होता. तो एक पाऊलही चालला नव्हता. त्याच्या मागे चूल, पेटी, कणगी, मांजर, सगळं ओळीने येऊन ठेपलं होतं.

"माजं चुकलं," तो म्हणाला.

"मग बोला ते. आदी पोरीला पाटीमागनं धरा."

हंडा अजून वाफाळत होता. द्वारकाबाईने तो आकड्यावरून उतरवला आणि दाराच्या आत पाऊल टाकलं. इंदू जिवंत होती. घामाने भिजलेली, ओठ चावलेले, डोळे उघडे. द्वारकाबाईला रडू फुटलं, ते तिने फुटू दिलं आणि हात मात्र कोपरापर्यंत गरम पाण्याने धुतले. बाळाचं डोकं दिसत होतं. श्रीपतीने लेकीला काखेत धरून आधार दिला. जमीन थरथरत होती, एक ठोका पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून, आणि दर ठोक्याला ते जवळ येत होते.

दोरा सैल पडला होता. पूर्वेच्या झरोक्यातून आणि पश्चिमेच्या झरोक्यातून तो आत येत होता, वेटोळ्यावर वेटोळं, इतक्या दिवसांत ताणला गेलेला तो सगळाच्या सगळा, आणि खोलीत पांढऱ्या सुताचा ढीग साचत होता. सूत अजून कोमट होतं. इंदूने शेवटचा जोर केला, आणि मुलगी झाली. धडधाकट होती, ओरडत होती. ठेवायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून द्वारकाबाईने तिला अंघोळ घालून त्या सुतावर ठेवलं.

तोवर पूर्वेची भिंत गेली होती. तिच्या जागी रवळोबाचा खडक होता, ओला, शेवाळलेला, आणि वर पाहिलं तर त्याला कुठे शेवट नव्हता. पश्चिमेकडून चूल आणि पेटी आणि कणगी घडी पडल्यासारख्या मिटत गेल्या, मांजर उडी मारून इंदूच्या पायाशी आलं, आणि मागे काळोबाचा खडक उभा राहिला. दोन खडकांमधे आता एक बाज, तीन माणसं आणि सुताचा ढीग एवढीच जागा होती. द्वारकाबाईने मान वर केली. छपराच्या फटीतून आभाळाची एक रेघ दिसत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वर वर जाणारा दगड. भीतीने तिची बोबडी वळायला हवी होती. तिच्या तोंडून फक्त "केवडं हे," एवढंच निघालं.

खडकांच्या कडेशी दोन्ही छत्रीवाले अंग चोरून उभे होते. छत्र्या मिटलेल्या होत्या.

"जन्मताना बाळाचं तोंड कुणीकडे होतं?" लाल छत्रीवाल्याने विचारलं.

"पूर्वेला की पश्चिमेला?" काळ्याने विचारलं.

"वर," द्वारकाबाई म्हणाली. "छपराकडं."

दोघांनी वर पाहिलं. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडातून नुसती खडी गळली.

इंदूने लेकीला जवळ घ्यायला हात पुढे केले, पण जागा इतकी अरुंद झाली होती की कुणाला कुणाकडे वाकता येईना. श्रीपतीच्या पाठीला काळोबा टेकला होता. द्वारकाबाईच्या खांद्याला रवळोबा लागला होता, आणि तो थंड नव्हता, धावून आलेल्या जनावरासारखा गरम होता, आणि दमलेला होता. सुताच्या ढिगावर बाळाचं रडणं थांबलं. तिने जांभई दिली, आणि आळस देताना तान्ही मुलं पसरतात तसे दोन्ही हात पसरले. एक तळवा रवळोबाला लागला, एक काळोबाला.

खडक पुढे येत होते. तिने हात आखडले नाहीत.